फेसाच्या घरातला कीटक

इंग्लंडमध्ये एप्रिल महिना लागला, की कुक्कू नावाचा पक्षी दक्षिणेकडून येतो. आपल्याकडील कोकिळेचा आणि पावश्याचा हा नातेवाईक. त्याचे ओरडणे कुरणाकुरणांतून ऐकू येऊ लागते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथील गवताच्या काड्यांवर, फुलझाडांच्या देठांवर, पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या फेसाचे लहान लहान गोळे दिसू लागतात. कोणी तरी येता जाता थुंकून गेले असावे, असे ते दिसतात. पक्षी आला आणि पाठोपाठ फेस दिसू लागला, तेव्हा हा फेस त्या पक्ष्याचाच असला पाहिजे, असा तर्क लोकांनी केला आणि त्या फेसाला ‘कुक्कूची थुंकी’ हे नाव पडले. हा समज फार जुना आहे. सातव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल नगरीचा धर्मगुरू इसिडोर ह्याने, कुक्कूच्या थुंकीतून सिकाडा नावाचे कीटक जन्म घेतात, असे आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे.

इसिडोरचे विधान चुकीचे असले, तरी त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. त्या फेसात कीटक असतो, हे त्याच्या काळच्या लोकांनी पाहिले होते. एवढेच नव्हे, तर तो सिकाडाच्या जातकुळीतला आहे, हेही त्यांना जाणवले होते. मात्र फेसातून कीटक जन्मत नाही. कीटकच फेस निर्माण करतो.

एखाद्या बारीक काडीने तो फेस हळूच बाजूला सारला, तर आत एक मऊ, फिकट हिरवे किंवा पिवळसर पिल्लू आढळते. त्याला पंख नसतात. त्याने आपली सोंड झाडाच्या देठात खुपसलेली असते आणि बहुधा ते डोके खाली व पोटाचे टोक वर करून बसलेले असते. उघडे पडताच ते अस्वस्थ होते, थोडे इकडे तिकडे सरकते आणि पुन्हा सोंड रोवून कामाला लागते. थोड्याच वेळात त्याच्या अंगाभोवती फेस पुन्हा जमू लागतो. फेस करणारा म्हणून ह्या कीटकाला फेसकिडा म्हणणे सोयीचे आहे. आपल्याकडेही पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवरील झुडपांवर आणि गवतावर असा फेस दृष्टीस पडतो.

हा फेस तयार होतो कसा? पिल्लू देठातील रस सतत शोषून घेत असते. त्यातील फारच थोडा भाग त्याच्या उपयोगी पडतो; उरलेले सर्व पाणी गुदद्वारावाटे बाहेर पडते. नुसत्या पाण्याचे बुडबुडे टिकत नाहीत, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. पण ह्या पिल्लाच्या उदराच्या मागील भागात विशेष ग्रंथी असतात आणि त्यांतून पाझरणारा चिकट द्रव त्या पाण्यात मिसळतो. साबणाने जे काम होते, तेच काम हा द्रव करतो. आता उरली हवा. पिल्लाच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंच्या कडा आत वळून झालेली एक पन्हळ असते. पोटाचे टोक फेसाबाहेर काढून पिल्लू तीत हवा घेते आणि टोक पुन्हा आत ओढून ती हवा द्रवात सोडते. प्रत्येक वेळी एक बुडबुडा तयार होतो. पिल्लू श्वासोच्छ्वासही ह्याच पन्हळीतील हवेने करते. त्यामुळे पाण्यात बुडालेले असूनही ते गुदमरत नाही.

ह्या खटाटोपाचे प्रयोजन उघड आहे. पिल्लाची त्वचा इतकी पातळ असते, की उन्हात उघडे राहिले तर ते सुकून मरून जाईल. फेस त्याला ओले ठेवतो, उन्हाची आणि थंडीची तीव्रता कमी करतो आणि मुंग्या, कोळी ह्यांसारख्या शत्रूंपासून लपवून ठेवतो. ह्या आडोशाला पिल्लू पाच अवस्थांमधून जाते व दर वेळी कात टाकते. शेवटची कात टाकण्यापूर्वी ते फेस करणे थांबवते; बाहेरचा फेस वाळून त्याची पोकळ खोली होते आणि त्या खोलीत कात टाकून पंख असलेला प्रौढ कीटक बाहेर येतो. प्रौढ कीटक कधीही फेस करीत नाही.

फेसाचे पाणी झाडातून येते, हे आज सांगताना सोपे वाटते. परंतु ते ठरविताना एका मोठ्या प्रवाशाची फसगत झाली होती. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आफ्रिकेतून केलेल्या प्रवासाचे वृत्त 1857 साली प्रसिद्ध झाले. त्यात अंगोला देशातील एका फेसकिड्याची हकीकत आहे. अंजिराच्या वर्गातील झाडांवर हे कीटक सात-आठांच्या टोळ्या करून बसत आणि त्यांच्या अंगावरून स्वच्छ पाणी एकसारखे ठिबकत राही. झाडाखाली जमिनीवर त्या पाण्याचे थारोळे साचे. संध्याकाळी खाली भांडे ठेवले, तर सकाळपर्यंत त्यात दीड-दोन लिटर पाणी जमे. इंग्लंडातील फेसकिड्याशी ह्या कीटकाचे साम्य आहे, हेही लिव्हिंग्स्टनच्या ध्यानात आले होते.

एवढेसे कीटक इतके पाणी आणतात कोठून? लिव्हिंग्स्टनने नुसता तर्क केला नाही. त्याने प्रयोग केला. एरंडाच्या एका फांदीवर अशी टोळी बसली होती. टोळी आणि खोड ह्यांच्या मधल्या भागात त्याने सुमारे वीस इंच लांबीची साल सोलून काढली आणि आतील सालही खरवडली. फांदीच्या बाजूला मध्यापर्यंत भोक पाडून आतला गाभाही काढून टाकला. त्या वेळी दर 67 सेकंदांना एक थेंब पडत होता. झाडाकडून येणारा रस आता तुटला असेल, तर ठिबकणे थांबायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दर 5 सेकंदांना एक थेंब! पुढे ती फांदी मोडली, तरी थेंब पडतच राहिले. ह्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की हे कीटक बहुतांश पाणी हवेतून घेत असावेत.

प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता, मोजमापही चोख होते. तरी निष्कर्ष चुकला. त्याचे कारण झाडाच्या रचनेत आहे. झाडात दोन प्रकारच्या नलिका असतात. पानांनी तयार केलेले अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या बाजूस असतात, तर मुळांनी शोषलेले पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या लाकडात असतात. लिव्हिंग्स्टनने साल काढली, गाभा काढला. परंतु त्यांच्या मधले लाकूड पुष्कळसे शिल्लक राहिले आणि पाण्याचा मार्ग खुला राहिला. फेसकिड्याची सोंड नेमकी ह्या जलवाहिन्यांतच रुतलेली असते.

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे कीटक रसवाहिन्यांतील गोड रस पितात. तो रस पौष्टिक असतो आणि दाबाखाली असल्यामुळे आपोआप सोंडेत चढतो. फेसकिड्याने मात्र अवघड वाट धरलेली आहे. जलवाहिन्यांतील रस म्हणजे जवळजवळ निव्वळ पाणीच. त्यात क्षार आणि अन्नांश नाममात्र असतात. शिवाय पाने ते पाणी वर ओढून घेत असल्यामुळे जलवाहिन्यांत ताण असतो; तेथे भोक पाडले तर पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाऊ पाहते. ह्या ताणावर मात करून पाणी ओढण्यासाठी फेसकिड्याच्या डोक्यात एक जोरदार पंप असतो. त्याचे कपाळ पुढे फुगलेले दिसते ते ह्या पंपाच्या स्नायूंमुळे. वातावरणाच्या दाबाच्या दसपटीहून अधिक ताणाविरुद्ध हा पंप काम करू शकतो, असे अलीकडच्या मोजमापांत दिसून आले आहे.

अन्न इतके पातळ असल्यामुळे पोट भरण्यासाठी पाण्याचे लोटच्या लोट प्यावे लागतात. एका दिवसात फेसकिडा स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहूनही अधिक पाणी शरीरातून बाहेर टाकू शकतो. पाण्यात जे पोषक घटक नसतात, त्यांतील काही त्याच्या शरीरात कायम वस्तीला असलेले सूक्ष्म जीवाणू तयार करून देतात. एकंदरीत, फेसाचे घर बांधण्यासाठी पिल्लाला पाणी मुद्दाम मिळवावे लागत नाही. जे पाणी टाकून द्यायचे, त्याचेच घर होते.

प्रौढ कीटकाला फेसाचे संरक्षण नसते. पण त्याच्याजवळ दुसरे साधन असते, ते म्हणजे उडी. त्याचे चपटे रुंद डोके आणि बसण्याची ढब पाहून इंग्रजी भाषेत त्याला बेडकाचे नाव मिळाले आहे. उडी मारण्यात मात्र बेडूक त्याच्या जवळपासही येत नाही. केंब्रिज विद्यापीठातील माल्कम बरोज ह्या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने फेसकिड्याच्या उड्यांची चित्रे घेतली आणि आपले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध केले. सुमारे 6 मिलिमीटर लांबीचा हा कीटक 70 सेंटिमीटर उंच उडी मारतो. तोपर्यंत उडी मारण्यात पिसवेची ख्याती होती. तिला फेसकिड्याने मागे टाकले. पाय जमिनीवरून सुटण्यास त्याला एक हजारांश सेकंदही लागत नाही आणि त्या क्षणी त्याच्या शरीरावर पडणारा जोर त्याच्या वजनाच्या चारशे पटींहून अधिक असतो. त्याच प्रमाणात दीड मीटर उंचीच्या मुलाने उडी मारली, तर तो कुतुबमिनाराच्या दुपटीहून उंच जाईल. अशा तुलना ऐकायला मौजेच्या असतात. परंतु त्या फार ताणू नयेत. लहान शरीराचे गणित मोठ्या शरीराला जसेच्या तसे लागू पडत नाही.

एवढ्या अल्प काळात कोणताही स्नायू आकुंचन पावून इतका जोर देऊ शकत नाही. मग हा जोर येतो कोठून? धनुर्धारी ज्याप्रमाणे प्रत्यंचा सावकाश ओढतो आणि बाण एकदम सोडतो, तीच युक्ती येथे आहे. फेसकिडा मागचे दोन्ही पाय पोटाशी घेऊन अडकवतो आणि छातीतील स्नायू हळूहळू आकुंचित करतो. ती शक्ती छातीच्या दोन्ही बाजूंस असलेल्या लवचिक कमानींत साठत जाते. अडसर सुटला, की दोन्ही पाय एकाच क्षणी झटकले जातात. हे पाय उडीसाठी इतके वाहून घेतलेले आहेत, की चालताना त्यांचा उपयोग होत नाही. कीटक ते नुसते फरफटत नेतो.

कीटकसृष्टीत फेसकिड्याचे स्थान कोठे आहे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांचा एक मोठा गण आहे. त्याला हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी असे म्हणतात. ढेकूण, मावा, तुडतुडे, सिकाडा हे सारे ह्याच गणातले. त्यांपैकी सिकाडा, तुडतुडे आणि फेसकिडे हे एकमेकांचे निकटचे आप्त होत. 1758 साली स्वीडनच्या लिनियस ह्या शास्त्रज्ञाने प्राण्यांना दोन पदी नावे दिली, तेव्हा त्याने ह्या तिघांना सिकाडा ह्या एकाच प्रजातीत घातले आणि युरोपातील फेसकिड्याला सिकाडा स्पुमारिया, म्हणजे फेसाळ सिकाडा, असे नाव दिले. आज तोच कीटक फिलेनस स्पुमारियस ह्या नावाने ओळखला जातो.

तुडतुडा आणि फेसकिडा दिसायला इतके सारखे, की उडून गेलेला कीटक कोणता होता हे सांगता येत नाही. ओळख पटते ती मागच्या पायावरून. तुडतुड्याच्या मागच्या नडगीवर काट्यांच्या लांबच लांब ओळी असतात. फेसकिड्याच्या नडगीवर बाजूला एक किंवा दोनच दणकट काटे असतात आणि टोकाशी लहान काट्यांचे कडे असते. भिंगातून ही खूण पाहिली, की संशय उरत नाही. सिकाडा तर आकाराने मोठा असतो आणि त्याच्या माथ्यावर तीन साधे नेत्र असतात. फेसकिड्याला दोनच असतात.

रंगावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते. फिलेनस स्पुमारियस हा कोठे फिकट पिवळा, कोठे तपकिरी, कोठे काळा, तर कोठे काळ्यावर पांढरे ठिपके किंवा पट्टे असलेला आढळतो. त्याचे सुमारे वीस रंगप्रकार ठाऊक आहेत. ह्या रंगांनी खुद्द लिनियसलाही चकविले. त्याने ह्या एकाच जातीला एकाहून अधिक नावे दिली. त्यांतील एका नावाचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा, तर दुसऱ्याचा पांढऱ्या डोळ्यांचा असा आहे. अमेरिकेतील ग्रंथांत तर पुष्कळ वर्षे हे दुसरे नावच रूढ होते. पुढे ह्या कीटकांची पैदास करून पाहिल्यावर एकाच मादीच्या अंड्यांतून निरनिराळ्या रंगांची संतती निघते असे आढळले आणि ह्या साऱ्या रंगांची एकच जात ठरली.

जगात फेसकिड्यांच्या सुमारे तीन हजार जाती ज्ञात आहेत. त्यांची विभागणी पाच कुलांत करतात. त्यांतील दोन कुले मोठी आहेत. अफ्रोफोरिडी, म्हणजे फेस वाहणाऱ्यांचे कुल, ह्यात बहुतेक मातकट, तपकिरी रंगाचे कीटक येतात. युरोपचा फेसकिडा त्यांतलाच. सर्कोपिडी कुलातील कीटक पुष्कळदा लाल आणि काळ्या रंगाचे, लांबूनही नजरेत भरणारे असतात. असे भडक रंग म्हणजे, ‘मला खाऊ नका, माझी चव वाईट आहे,’ असा पक्ष्यांना दिलेला इशाराच होय. ह्या कुलातील अनेकांची पिल्ले गवताच्या मुळांपाशी फेस करून राहतात. क्लॅस्टॉप्टेरिडी आणि एपिपायजिडी ही आणखी दोन कुले. त्यांतील शेवटचे तर 2001 सालीच स्वतंत्र मानले गेले.

पाचवे कुल मॅकेरोटिडी. ते आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया येथे आढळते आणि भारतातही त्याच्या जाती आहेत. ह्या कुलातील पिल्ले फेसाचे घर बांधीत नाहीत. ती फांदीला चिकटलेली, शंखासारखी कठीण अशी चुनखडीची नळी तयार करतात. नळीत पाणी भरलेले असते आणि पिल्लू त्यात बुडून राहते. झाडातून ओढलेल्या पाण्यातील कॅल्शियमचे क्षार साठवून हे बांधकाम होते. गोगलगाय चुन्याचे घर बांधते हे सर्वांना ठाऊक आहे. कीटकाने असे घर बांधणे ही मात्र विरळा गोष्ट होय. भारतातील फेसकिड्यांचे पद्धतशीर वर्णन डब्ल्यू. एल. डिस्टंट ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने भारतीय प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेच्या 1908 साली निघालेल्या खंडात केले.

ही कुले पाय, डोळे, पंख ह्यांच्या घडणीवरून ठरविलेली आहेत. आता पेशींमधील आनुवंशिक द्रव्याची तुलना करून नाती पडताळून पाहता येतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात असे दिसले, की अफ्रोफोरिडी हे कुल एकजीव नाही. त्यातील काही कीटक इतर कुलांच्या अधिक जवळचे आहेत. म्हणजे ह्या घराण्याची वंशावळ अजून पुरती लिहून झालेली नाही.

अशा वर्गीकरणाचा व्यवहारात काय उपयोग, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर इटलीच्या आग्नेय टोकाला असलेल्या पुलिया प्रांतात मिळाले. तेथे ऑलिव्ह वृक्षांच्या विस्तीर्ण बागा आहेत. कित्येक वृक्ष शेकडो वर्षांचे. ह्या झाडांची पाने शेंड्याकडून करपू लागली, फांद्या वाळू लागल्या आणि बागाच्या बागा उभ्या जळाल्यासारख्या दिसू लागल्या. 2013 साली रोगाचे कारण सापडले. झायलेला फॅस्टिडिओसा नावाचा जीवाणू जलवाहिन्यांत वाढून त्या तुंबवीत होता. अमेरिका खंडातून आणलेल्या शोभेच्या रोपांबरोबर तो तेथे आला असावा. पण एका झाडातून दुसऱ्या झाडात तो जात कसा होता?

जीवाणू जलवाहिन्यांतच राहतो. तेव्हा तो नेणारा कीटकही जलवाहिन्यांतूनच पिणारा असला पाहिजे. मावा किंवा पांढरी माशी ह्यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. सिकाडा, तुडतुड्यांतील काही थोडे आणि फेसकिडे एवढ्यांचाच शोध घ्यायचा राहिला. अशा रीतीने शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले आणि 2014 साली प्रयोगांनी सिद्ध झाले, की हा जीवाणू पसरविणारा कीटक फिलेनस स्पुमारियस हाच आहे. जो कीटक युरोपच्या कुरणांत युगानुयुगे निरुपद्रवी म्हणून वावरत होता, तोच लक्षावधी वृक्षांच्या नाशाला निमित्त झाला. त्याच्या स्वभावात काहीच बदल झाला नव्हता. त्याच्या सोंडेला परका जीवाणू मात्र लागला होता.

एकदा झाडाला रोग जडला, की तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. म्हणून पुलियातील शेतकऱ्यांना कीटकाच्या जीवनक्रमाकडे लक्ष द्यावे लागते. प्रौढ फेसकिडा उडी मारून निसटतो. त्याला पकडणे कठीण. परंतु वसंत ऋतूत त्याची पिल्ले झाडांवर नसून खालच्या गवतात, फेसाच्या गोळ्यांत बसलेली असतात. त्यांना पंख नसतात आणि फेस सोडून ती फार लांब जाऊ शकत नाहीत. त्या थोड्या आठवड्यांत बागेतील गवत कापले किंवा जमीन नांगरली, तर पिल्ले उन्हात उघडी पडून सुकून जातात आणि उन्हाळ्यात झाडांवर चढणाऱ्या कीटकांची संख्या घटते. त्यामुळे वसंत ऋतूत तेथील शेतकरी ऑलिव्हच्या झाडांखाली वाकून गवताच्या काड्यांवर फेस दिसतो का, हे पाहत फिरतात आणि तो दिसू लागला, की नांगर बाहेर काढतात.